रंग नंतर, आधी फिकट-गडद

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यात राहता, मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघता आणि वर्षभर रात्री व्हिडिओ पाहून फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर शिकताय. टूल्स बऱ्यापैकी हातात बसलीत, तरी केलेलं काम ‘गचाळ’ दिसतं आणि ते का, हे कळत नाही. सोबत तुमच्या गणेश मंडळाचं पोस्टर जोडलंय आणि चार प्रश्न विचारलेत: रंग कसे निवडायचे, कुठला कोर्स करायचा, आयपॅड घ्यावा का, आणि चित्रकला येत नसेल तर या वाटेला जावं का.

मी बडोद्यातच कामाला लागले आणि इथेच शिकले. कंकोत्र्या (लग्नपत्रिका), औषधांची खोकी, गरब्याचे पास, दुकानांच्या पाट्या असं सगळं केलं. आता बरंचसं काम मोबाइलच्या स्क्रीनसाठी असतं, आणि काही मुलांना शिकवतेही. त्या अनुभवावरून सांगते, तुमची खरी अडचण या चार प्रश्नांच्या आधीची आहे. तुम्हाला वाटतं की आपल्याला रंग निवडता येत नाहीत. तुमचं पोस्टर पाहून मला वाटतं की रंग तुम्ही ठीक निवडलेत, पण कुठला रंग किती फिकट आणि किती गडद आहे हे तुम्हाला अजून दिसत नाही. ते दिसायला लागलं की निम्मा गचाळपणा आपोआप जातो. उरलेला निम्मा मांडणीचा असतो, आणि तोही त्याच वाटेने सुटतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि उत्तर बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला पुस्तकांसाठी, गेमसाठी चित्रं काढायची आहेत की पोस्टर, पॅकिंग, लोगो, सोशल मीडिया असं मांडणीचं काम करायचंय? पहिल्या कामाला हात चांगला लागतो, दुसऱ्याला नजर. सुरुवातीचा रस्ता मात्र दोघांचा एकच आहे, म्हणून तो आधी सांगते.

तुमचं पोस्टरच घेऊ. पार्श्वभूमी भगवी आहे, आकड्यांत (लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५) सांगायचं तर साधारण २५५, १२८, ०. त्यावर मंडळाचं नाव शुद्ध लाल, २५५, ०, ०. दोन्ही रंग गणपतीला शोभणारे आहेत. पण दोघांच्या उजळपणातला फरक मोजला तर तो १.६ ला १ एवढाच भरतो. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात, त्यात साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ लागतं. म्हणजे तुमचं नाव वाचताच येत नव्हतं, आणि ते तुम्हाला जाणवलंही होतं, म्हणून तर तुम्ही अक्षरांना पिवळी आउटलाइन दिली. ती भगव्यावर धड उठली नाही, म्हणून खाली काळी सावली टाकली. सावलीने अक्षरं जड झाली, जागा खाल्ली, आणि आरतीची वेळ खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गेली. ती कोपऱ्यात दिसेना, म्हणून तिच्यामागे हिरवी पट्टी आली. पोस्टरवर आज जे जे जास्तीचं दिसतंय ते सगळं पहिल्या एका निर्णयाची डागडुजी आहे.

आता फाइल उघडा आणि फक्त एक बदल करा. आउटलाइन आणि सावली बंद करा, आणि लालच्या जागी खूप गडद मरून भरा, समजा ७४, १०, १०. प्रमाण सहाच्या पुढे जातं. नाव चटकन वाचता येतं, रंगाची जात तीच राहते आणि अर्ध्या तासाची सजावट एका झटक्यात अनावश्यक ठरते. हे स्वतः करून बघा, माझ्या सांगण्यावर ठेवू नका.

हे असं का होतं, ते समजून घेतलं तर पुढे प्रत्येक वेळी आकडे काढत बसावं लागणार नाही. आपल्या डोळ्याला सगळे रंग सारखे उजळ दिसत नाहीत. स्क्रीनवरच्या पांढऱ्याचा उजळपणा १०० धरला, तर त्यातले साधारण ७२ हिरव्यातून येतात, २१ लालमधून आणि निळ्यातून जेमतेम ७. त्यामुळे शुद्ध पिवळा, म्हणजे लाल अधिक हिरवा, ९३ च्या आसपास जातो आणि पांढऱ्यावर लिहिलेला पिवळा मजकूर दिसेनासा होतो. शुद्ध निळा मात्र जवळजवळ काळ्यासारखाच गडद असतो. कलर पिकरमध्ये दोघांचाही ‘ब्राइटनेस’ १०० दाखवतो. तो आकडा डोळ्याचा नाही, मशीनचा आहे. त्याच्यावर विसंबून रंग जुळवणारे फसतात.

म्हणून काम करताना दर थोड्या वेळाने पोस्टर करड्या रंगात बघायची सवय लावा. फोटोशॉपमध्ये सगळ्यात वर एक लेयर घ्या, त्यात काळा भरा आणि ब्लेंड मोड ‘कलर’ करा. लेयर चालू-बंद केला की झालं. रंग काढून टाकणारा ‘डिसॅच्युरेट’ हा पर्याय मात्र वापरू नका, कारण तो शुद्ध लाल, शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या तिघांनाही एकाच मधल्या करड्यात टाकतो, आणि तिथे तुमची परीक्षा खोटी ठरते. मोबाइलवर तर आणखी सोपं आहे. सेटिंगमध्ये सगळी स्क्रीन ग्रेस्केल करण्याची सोय असते. एखादी संध्याकाळ फोन तसाच ठेवा आणि रोजचे ॲप, जाहिराती, दुकानांच्या पोस्ट बघा. कोण टिकतं आणि कोण चिखल होतं ते लगेच कळेल.

आपल्या गावात याची सगळ्यात मोठी शिकवणी उत्तरायणाला आकाशात चालू असते. गच्चीवरून वर बघा. हातात असताना पिवळा आणि पांढरा पतंग सगळ्यांत झळझळीत वाटतो, पण दुपारच्या उजळ आभाळात तोच आधी हरवतो. जांभळा, काळा, गडद लाल लांबवर गेला तरी दिसत राहतो. आणि तो लांब गेल्यावर जांभळा की निळा, हे कुणाला सांगता येत नाही, दिसतो तो फक्त गडद आकार. पोस्टरही लोक असंच बघतात, स्कूटरवरून किंवा अंगठ्याने स्क्रोल करताना. आधी गडद-फिकट आकार पोचतो, रंग मागून येतो, आणि मजकूर त्याच्याही मागून.

यावरून जो सराव मी सगळ्यांना देते तो असा. कुठलंही काम सुरू करताना सॉफ्टवेअर उघडू नका. काडेपेटीएवढे चौकोन कागदावर आखा आणि फक्त तीन छटांत पोस्टर बसवा: कागदाचा पांढरा, पेन्सिलचा मधला करडा आणि काळा. अक्षरांच्या जागी पट्ट्या, चित्राच्या जागी डाग. सर्वांत जास्त फरक, म्हणजे काळ्याला पांढरं भिडेल ती जागा, एकच ठेवायची आणि तिथे तुमची मुख्य गोष्ट बसवायची. गणपतीचा चेहरा किंवा मंडळाचं नाव, दोन्ही नाही. इथे सगळे अडखळतात, कारण ठरवावं लागतं. मंडळाच्या अध्यक्षांना नाव मोठं हवं असतं, मूर्तीवाल्या मित्राला मूर्ती, आणि खर्च देणाऱ्याला त्याचा लोगो. काडेपेटीएवढ्या चौकोनात हे भांडण पाच मिनिटांत मिटवता येतं. फोटोशॉपमध्ये चाळीस लेयर झाल्यावर ते मिटत नाही.

एक चौकोन जमला की थांबू नका, त्याच मजकुराचे आणखी काही करा. गडद पार्श्वभूमीवर फिकट मूर्ती, मग उलटं, मग आडवी विभागणी. पहिली कल्पना बहुतेक वेळा आपण आधी कुठेतरी पाहिलेली असते. स्वतःची पुढेच येते.

नजर तयार करायची तर तुम्ही भाग्यवान गावात राहता, हे मनापासून सांगते. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत. पौराणिक विषयांवरची चौदा चित्रं तिसऱ्या सयाजीरावांनी त्यांच्याकडून खास काढून घेतली होती. ती बघताना गोष्ट कुठली, हे क्षणभर विसरा. डोळे अर्धवट मिटून बघा. बारकावे पुसले जातात आणि फिकट-गडदाचे मोठे आकार तेवढे उरतात. बऱ्याच चित्रांत चेहरा आणि हात हे सर्वांत उजळ असतात आणि त्यांच्या मागेच सर्वांत गडद भाग असतो. साडीची सोनेरी जर कुठे चमकते, कुठे अंधारात सोडून दिली आहे, ते बघा. ती सगळीच चमकवली असती तर नजर चेहऱ्यावर थांबलीच नसती. फोटो काढायला परवानगी आहे की नाही ते विचारा, पण छोटी वही नक्की न्या आणि तिथेच उभं राहून तीन छटांतले चौकोन करा.

मग कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारत. १९३९ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांनी ती केली. आत जाता आलं तर सावकाश बघा. रविवर्म्यांची आकृती प्रकाश आणि सावलीतून उभी राहते, इथे ती रेषेतून आणि सपाट रंगातून. रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांतही रेषा आणि सपाट रंगच काम करतात, शिवाय लहानशा जागेत पुष्कळ माणसं बसवलेली आहेत. माझं मत विचाराल तर ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्याला रविवर्म्यांपेक्षा या दोन जागांमधून जास्त मिळतं. छाया-प्रकाशाची नक्कल करायला सॉफ्टवेअरची इफेक्ट्स असतात. सपाट आकार कुठे ठेवायचा हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही.

आता रंगाकडे येते. फिकट-गडद बसलं की रंग निवडणं बरंच निर्धास्त होतं, कारण चुकलं तरी वाचनीयता जात नाही. सुरुवातीला तीनच रंग घ्या: एक पार्श्वभूमीचा, एक गडद, आणि एक उठावाचा जो फार थोड्या जागेत येईल. संखेड्याचं लाखकाम केलेलं फर्निचर आपल्या घराघरांत आहे. मरून आणि सोनेरी, एवढ्यावर सगळा झोपाळा उभा असतो आणि तरी तो श्रीमंत दिसतो. सोनेरी तिथे कडेला आणि नक्षीत आहे, सगळीकडे ओतलेला नाही. नवशिके लोक सगळेच रंग पूर्ण सॅच्युरेशनला, म्हणजे पूर्ण भडक, ठेवतात. तुमच्या पोस्टरमध्येही भगवा, लाल, पिवळा, हिरवा चौघेही १०० वर आहेत, त्यामुळे कोणीच उठून दिसत नाही. एकाला १०० वर राहू द्या, बाकीच्यांना ३० ते ५० च्या दरम्यान आणा. हिरवं काढायचं नसेल तर दूर्वांचा खरा रंग बघा, तो स्क्रीनवरच्या हिरव्यापेक्षा खूप शांत असतो.

दुसरी गोष्ट, कुठलाही रंग एकटा नसतो. फ्रान्समध्ये गोबलँ इथे भिंतीवर टांगायची भव्य चित्रवस्त्रं विणायचा कारखाना होता. तिथल्या रंगाईचे प्रमुख शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासल्यावर रंगात काही खोट निघाली नाही, शेजारच्या रंगांमुळे तो काळा तसा दिसत होता. पुढे १८३९ मध्ये त्यांनी यामागचे नियम सविस्तर प्रसिद्ध केले. तुम्ही घरी दोन मिनिटांत हे बघू शकता. एक मोठा चौकोन पिवळा करा, दुसरा गडद निळा, आणि दोघांच्या मधोमध एकसारखा करडा ठिपका ठेवा, १२८, १२८, १२८. पिवळ्यावरचा करडा गडद आणि किंचित निळसर वाटेल, निळ्यावरचा उजळ आणि जरा पिवळट. आयड्रॉपरने तपासा, आकडे तेच निघतील. म्हणून कुणाचं पॅलेट, म्हणजे निवडलेल्या रंगांचा संच, जसंच्या तसं उचलून आपल्या कामात टाकलं की ते बिघडतं. पॅलेटमध्ये रंग असतात, पण त्यांचे शेजार आणि प्रमाण नसतं.

चित्र काढणाऱ्यांसाठी एवढंच की सावली करायला त्याच रंगात काळा मिसळू नका, चित्र मळकट होतं. ह्यू, म्हणजे रंगाची जात, थोडी सरकवा. उन्हात उभ्या माणसाच्या अंगावरची सावली आभाळाच्या प्रकाशाने जराशी थंड होते, तर ट्यूबलाइटखाली हिशेब वेगळा असतो. दांडिया बाजारातल्या एखाद्या भिंतीवर सकाळी आणि संध्याकाळी ऊन-सावली बघा, हे तिथेच समजेल.

मांडणीबद्दल इंग्रजी व्हिडिओंत जे सांगतात ते बहुतेक आपल्याला लागू पडतं: कडा सरळ रेषेत आणा, जवळची माहिती जवळ ठेवा, कडेला मोकळी जागा सोडा. पण दोन गोष्टी ते सांगत नाहीत.

पहिली लिपीची. तुमच्या पोस्टरवर मराठी आणि गुजराती दोन्ही आहे, बडोद्यात ते असणारच. मराठीच्या डोक्यावर शिरोरेखा असते, त्यामुळे प्रत्येक ओळ म्हणजे एक ठसठशीत आडवा पट्टा होतो. गुजरातीला ती नाही, त्यामुळे तेवढ्याच आकाराची गुजराती ओळ वरून मोकळी आणि हलकी दिसते. दोन्ही एकाच फाँट साइझला ठेवलं तर मराठी अंगावर येते आणि गुजराती मागे पडते. गुजराती थोडी मोठी किंवा एक वजन जाड घ्या आणि डोळे अर्धे मिटून करडेपणा जुळतोय का बघा. एकाच कुटुंबातले फाँट घेतलेत तर निम्मं काम झालेलं असतं. ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बालू’ (Baloo) हे ‘एक टाइप’ (Ek Type) या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मोफत फाँट देवनागरीत आहेत आणि त्यांच्या गुजराती जोड्याही आहेत. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वरून वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालून उकार येतात. अक्षरांच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरुवात करा. तुमच्या पोस्टरवर ‘श्रींची प्रतिष्ठापना’ या ओळीत उकार नाही, म्हणून ती ठीक बसलीये, पण खालच्या ‘पूजा’ची ऊ त्याखालच्या ओळीच्या मात्रेला भिडलीये. झूम करून बघा.

दुसरी गोष्ट रिकाम्या जागेची. रिकामी जागा म्हणजेच चांगलं डिझाइन, हे मला पटत नाही. छोटा उदेपूरकडच्या राठवा लोकांचे पिठोरा बघा. अख्खी भिंत घोडे, माणसं, पक्षी यांनी भरलेली असते आणि तरी नजर गोंधळत नाही. घोड्यांचा आकार एक, त्यांची रांग एक, भोवती चौकट. मोठं आणि लहान यांच्यात स्पष्ट फरक आहे आणि पुनरावृत्तीला लय आहे. ग्राहक जेव्हा ‘जागा रिकामी आहे, काहीतरी टाका’ म्हणतो तेव्हा त्याची आवडही आपल्याच मातीतली असते. अशा वेळी भरायला हरकत नाही, पण एकाच आकाराने, एकाच छटेत, मागे राहील असं भरा. दुर्वांची किंवा जास्वंदीची दाट नक्षी पार्श्वभूमीपेक्षा जराशीच गडद घेतली तर पोस्टर भरल्यासारखं वाटतं आणि नावाला धक्का लागत नाही. तुमची अडचण ही आहे की तुमच्याकडे सात गोष्टी सात वेगवेगळ्या आकारांत आहेत आणि त्यातली एकही दुसरीच्या दुप्पट नाही. फरक करायचा तर धीटपणे करा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर क्रम असा: आधी काय महत्त्वाचं ते ठरवणं, मग तीन छटांतला छोटा चौकोन, मग अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी रंग. तुम्ही आज उलट्या क्रमाने जाताय.

बडोद्यात काम करणार असाल तर छपाई समजून घ्यावीच लागेल, आणि ती व्हिडिओत नीट कळत नाही. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई शाईने. स्क्रीनवरचा तो चटकदार निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या सायान, मॅजेंटा, येलो आणि ब्लॅक या चार शाईंमध्ये, जांभळट होतो, पोपटी हिरवा विझतो. हा प्रेसवाल्याचा दोष नसतो, त्या शाईंच्या आवाक्यातच तो रंग नाही. म्हणून छापायचं असेल तर फाइल पहिल्यापासून सीएमवायकेत करा. काळ्याचंही तसंच. फोटोशॉपमधला आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या पद्धतीचा, काळा नेहमीच्या सेटिंगने बदलला की सायान ७५, मॅजेंटा ६८, येलो ६७ आणि ब्लॅक ९० असा होतो, म्हणजे चारही प्लेट. बारीक मजकूर असा छापला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे चार प्लेटांची जुळणी, केसभर हललं की अक्षरांना रंगीत कडा येतात. बारीक मजकूर फक्त १०० टक्के ब्लॅकमध्ये आणि शक्यतो इलस्ट्रेटरमध्ये ठेवा. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची जागा, सोडा.

कंकोत्रीचं काम आलं तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. ऑफसेटची शाई पारदर्शक असते. लाल कार्डावर पिवळी अक्षरं छापली तर पिवळी दिसत नाहीत, कार्डाचा लाल वर येतो. तिथे स्क्रीन प्रिंटिंगची झाकणारी शाई किंवा फॉइल लागतं. फॉइलचं वैशिष्ट्य असं की उजेड बदलला की त्याचा फिकट-गडदपणा बदलतो. एका कोनातून ते झळकतं, दुसऱ्या कोनातून मरूनइतकंच गडद होतं. म्हणून नावं फॉइलमध्ये द्या, पत्ता आणि वेळ देऊ नका. आणि फ्लेक्सवर भडक गुलाबी, लाल यांच्या भरवशावर काही महत्त्वाचं ठेवू नका. उन्हात ते आणि पिवळे आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतो. रस्त्यावरचे जुने होर्डिंग निळसर झालेले तुम्ही पाहिलेच असतील. फिकट-गडद नीट बांधलेलं असेल तर रंग उडाल्यावरही मजकूर वाचता येतो.

एखाद्या छोट्या प्रेसमध्ये ओळख काढा आणि शनिवारी जाऊन उभे राहा. भिंगातून छापलेला कागद बघा, चार रंगांचे ठिपके शेजारी शेजारी दिसतील आणि भिंग काढलं की मिसळून जातील. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे, आपल्या बडोद्याच्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्सच्या चित्रकला विभागाचे सुरुवातीचे प्रमुख. त्यांची पुढच्या काळातली ठिपक्यांची निसर्गचित्रं पाहिलीत तर हेच डोळ्यात रंग मिसळणं किती काव्यमय होऊ शकतं ते दिसेल. आणि हो, बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम चालतं. तुमचा युनिकोड मजकूर तिथे उघडून गडबड होऊ नये म्हणून फाइल देताना अक्षरं ‘आउटलाइन’ करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, द्या, आणि दिल्यावर तुम्हीच एकदा वाचून घ्या.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. कोर्सबद्दल: महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आहे, अप्लाइड आर्ट्सचा विभागही आहे. चार वर्षं पूर्णवेळ देता येत असतील आणि घरची जबाबदारी आड येत नसेल तर त्यासारखं काही नाही, कारण तिथे शिक्षकांइतकंच शेजारी बसलेल्या मुलांकडून शिकायला मिळतं. नोकरी सोडता येणार नसेल तर मनाला लावून घेऊ नका. तिथे होणारी प्रदर्शनं, डिस्प्ले बघायला जा आणि विद्यार्थ्यांशी बोला, ते मोकळेपणी बोलतात. तीन महिन्यांच्या सॉफ्टवेअर क्लासला मात्र पैसे घालू नका, ते तुम्हाला येतंच. क्लास लावायचाच असेल तर दर आठवड्याला तुमचं काम समोर ठेवून कोणीतरी त्यातल्या चुका सांगेल असा शोधा, मग तो कितीही छोटा असो.

आयपॅड सध्या नको. पोस्टर आणि मांडणीचं काम करणार असाल तर माउस पुरतो. चित्रं काढायची असतील तर स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट चार-पाच हजारांत येतो. हात आणि डोळा वेगळीकडे ठेवायची सवय व्हायला थोडे आठवडे जातात, तेवढे द्या. क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि शिकण्यासाठी त्यात काही कमी नाही. पैसे वाचतील त्यात बरा मॉनिटर घ्या आणि त्याचा ब्राइटनेस कमी ठेवा. पूर्ण ब्राइटनेसवर केलेलं काम कागदावर नेहमी काळवंडतं.

चित्रकला येत नाही, याचं काय? मांडणीच्या कामाला हुबेहूब चेहरा काढता यायची गरज नाही. पण डबा, पेला, हात, खुर्ची यांचा साधा आकार धरता आला पाहिजे, नाहीतर तुमच्या कल्पना तुम्हाला मिळालेल्या फोटोंपुरत्याच राहतात. कामाठी बागेत झाडाखाली बसून रोज पंधरा-वीस मिनिटं माणसं काढा. ती हलतात, त्यामुळे बारकाव्यात अडकायला वेळच मिळत नाही, आणि नेमकं तेच शिकायचंय.

आणि मंडळाचं पोस्टर अजून छापायला गेलेलं नसेल तर वेळ आहे. मरूनचा बदल करा, पिवळी आउटलाइन आणि हिरवी पट्टी काढा, आरतीची वेळ कोपऱ्यातून उचलून नावाच्या खाली आणा आणि नावाच्या निम्म्या आकारात ठेवा. रंगीत आणि करडं असं दोन्ही इथे टाका. सोबत तीन छटांतले छोटे चौकोनही टाका, न जमलेलेसुद्धा. मला त्यातून जास्त कळेल, आणि पुढचं नेमकं काय सुधारायचं ते त्यावरूनच सांगता येईल. फ्लेक्स किती फुटांचा आहे आणि कुठल्या रस्त्यावर लागणार आहे, हेही लिहा.